गाडी डावीकडे ओढते

लिमये साहेबांची पांढरी अँबॅसिडर डावीकडे ओढायला लागली ती एकोणीसशे शहात्तर सालच्या भाद्रपदात. ही गोष्ट सगळ्यात आधी कळली धोंडीबा ओव्हाळला, कारण गाडी तोच चालवायचा. साहेब मागच्या सीटवर पेपर उघडून बसत, आणि आपलीच गाडी डावीकडे चालली आहे ही बातमी काही पेपरात येत नाही.

धोंडीबा चौदा वर्षं साहेबांच्या गाडीवर होता. चिंचवडला साहेबांची फाउंड्री उभी राहिली, पहिली भट्टी पेटली, त्याच महिन्यात तो लागला. आधी एक जुनी जीप, मग फियाट, मग ही अँबॅसिडर. एवढ्या वर्षांत त्यानं कुणाच्या सायकलला धक्का लावला नव्हता. गाव चऱ्होली, बिऱ्हाड पिंपरीच्या चाळीत, बोलणं बेताचं. पण आपल्या हाताचा त्याला अभिमान होता. स्वतःच्या तोंडानं त्यानं तसं कधी सांगितलं नसतं. मात्र निगडीपासून खडकीपर्यंत स्टिअरिंगवर दोनच बोटं ठेवून तो जायचा, ते काही बाकीची बोटं दुखत होती म्हणून नव्हे.

आता दोन बोटांनी भागेना. पकड जरा सैल सोडली की गाडी हळूच डाव्या कडेला निघायची, जिथं सायकलवाले असतात, म्हशी असतात आणि डबे घेऊन निघालेले कामगार असतात. तिला सारखं उजवीकडे धरून ठेवावं लागे. संध्याकाळी चाळीत पोचेपर्यंत खांदा भरून यायचा, आणि बायको चतुराबाई विचारायची, "आज काय भट्टीवर लावलं का काय तुमाला?"

गाडी एका बाजूला का ओढते, याची कारणं ड्रायव्हर लोकांना तोंडपाठ असतात. हवा कमी असेल एका टायरात, तर गाडी त्या अंगाला जाते. एक टायर जास्त झिजला असेल तरी जाते. एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसेल, तर ते चाक मागं राहतं आणि गाडीला आपल्याकडे ओढतं. पुढच्या चाकांची तोंडं एकमेकांशी जुळत नसतील तरी तेच. आणि काहीच नसेल तर रस्ताच कडेला उतरता असतो, पाणी निघून जावं म्हणून; त्याला कुणाचा इलाज नाही. धोंडीबानं सगळं पाहिलं. हवा मोजली. पुढची दोन टायरं अदलून-बदलून लावली. वीस मैल चालवून चारी चाकांना हात लावून बघितला. ब्रेक धरत असता तर एखादं चाक तापलेलं लागलं असतं. चारी सारखी कोमट होती. तरी गाडी आपली डावीकडेच.

मग एका सकाळी नाशिक फाट्याजवळ एक दूधवाला मधे आला. म्हणजे खरं तर तो आपल्या जागी होता. मधे गेली ती गाडी. धोंडीबानं वेळेत ओढून घेतली, पण एक चाक डांबर सोडून मातीत गेलं, दूधवाल्याच्या किटल्या खणखणल्या, आणि साहेबांचा पेपर मांडीवरून खाली पडला. चौदा वर्षांत पेपर पहिल्यांदा पडला होता.

"काय रे धोंडीबा?"

"गाडी डावीकडं वढतीय साहेब. महिना झाला."

"मग उद्धवरावांना दाखव ना!"

उद्धवराव म्हणजे चिंचवड स्टेशनजवळचे गॅरेजवाले. त्या पट्ट्यातल्या साहेब लोकांच्या गाड्या त्यांच्याकडेच जात, कारण त्यांची दोरी प्रसिद्ध होती. चाकं मोजायचं मशीनबिशीन तेव्हा पुण्यात एखाद्याकडे. उद्धवराव गाडी सपाट फरशीवर घेत, पुढच्या चाकांना सुताची दोरी लावत, पुढून मोजत, मागून मोजत, एक डोळा मिटून बघत आणि निकाल देत. मागच्या चाकांना ते दोरी लावत नसत. मागची चाकं वळत नाहीत, कंपनीतून सरळ बसवून येतात, त्यांचं काय मोजायचं, असा त्यांचा हिशेब होता. आणि वीस वर्षं त्या हिशेबाला कुणी हरकत घेतली नव्हती.

त्यांनी तीनदा दोरी लावली. "साहेब," ते म्हणाले, "गाडी एक नंबर आहे. दोरीला दोष दिसत नाही."

मग दोष कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तिथं गाडी सोडून एकच वस्तू उभी होती, आणि तिचं वय चोपन्न होतं.

साहेबांनी तरी एक खात्री करून घेतली. कंपनीचा टेंपो चालवणारा जयसिंग, त्याला एक फेरी मारायला लावली. जयसिंग देहूरोडपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "मला तर काही लागलं नाही साहेब." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या टेंपोचं स्टिअरिंग असं होतं की ते फिरवायला पैलवान लागावा. त्यापुढं अँबॅसिडर त्याला लोण्यासारखीच वाटणार. शिवाय साहेबांच्या गाडीवर बसायला मिळालं तर त्याला नको होतं, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी धोंडीबाला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, तेव्हाच धोंडीबा काय ते समजला.

"वय कुणाला चुकलंय? दिवाळीपासून गाडीवर जयसिंग बसेल. तू गेटवर बस. पगारात काही फरक नाही. पाडव्याला आम्ही सगळे खंडाळ्याला जाणार आहोत, मुलगी येतेय बाळाला घेऊन. घाटाचा रस्ता. समजतंय ना तुला?"

"व्हय साहेब."

साहेब वाईट बोलले नव्हते. धोंडीबाला राग आला तो स्वतःच्या हाताचा. जेवताना तो हात बघायचा. पाण्याचा तांब्या भरून, हात लांब करून धरायचा. पाणी हलायचं नाही. पण तांब्याची साक्ष कोण घेतो? गेटवर बसणं म्हणजे कमीपणा असं त्याला वाटत नव्हतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण मनात म्हणणार होता की ह्याचा हात गेला, आणि हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फाउंड्रीत साफसफाई होती. नवमीला भट्टी बंद राहते, मशीनांना झेंडूच्या माळा पडतात, कामगारांची बायकामुलं कारखाना बघायला येतात. पावसानं आवारात खड्डे पडले होते, म्हणून साच्यातली जुनी काळी वाळू आणून सगळीकडे पसरली होती, वर पाणी मारून रूळ फिरवला होता. संध्याकाळी धोंडीबा गाडी आत घेऊन आला, शेडपर्यंत सरळ नेली, आणि गेट लावायला म्हणून चालत मागं आला तेव्हा त्याचं लक्ष खाली गेलं.

साच्याची वाळू. तिचा जन्मच मुळी ठसा घेण्यासाठी. चांगली गाडी सरळ गेली तर दोन चाकोऱ्या उमटतात. मागचं चाक पुढच्याच्या ठशावरून जातं. इथं चार होत्या. पुढच्या चाकांची एक जोडी, आणि तिच्या उजव्या अंगाला चार बोटं सरकून मागच्या चाकांची दुसरी जोडी. गेटपासून शेडपर्यंत गाडी तिरकी चालत आली होती, एखादं कुत्रं अंग तिरकं करून धावतं तशी.

धोंडीबानं उकिडवा बसून मधलं अंतर बोटांनी मोजलं. मग शेडमध्ये जाऊन बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. मागच्या आसाला दोन्ही बाजूंनी पोलादी पाटे असतात, आणि पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, आस जागच्या जागी राहावा म्हणून. डाव्या बाजूच्या त्या बोल्टाचं डोकं नव्हतं. आस त्या बाजूनं पाऊण इंच पुढं सरकला होता. जुन्या जागेचा पट्टा घासून चकचकीत दिसत होता. मागची चाकं गाडीला ढकलत होती एकीकडे, आणि धोंडीबा महिनाभर तिला ओढत होता दुसरीकडे.

त्याला आनंद झाला. गाडीखाली पडल्या पडल्या तो एकटाच हसला. आणि दुसऱ्याच क्षणी त्याचं हसू गेलं, कारण तो बोल्ट कुठं तुटला, हे त्याला ठाऊक होतं.

भाद्रपदाच्या सुरुवातीची गोष्ट. चऱ्होलीच्या वस्तीत बौद्ध विहाराचं काम चाललं होतं. भिंती उभ्या होत्या, पत्रे चढले होते, जमीन तेवढी मातीची. वर्गणीतून खडकीला शहाबादी फरशी घेऊन ठेवली होती. आणायला जी बैलगाडी कबूल झाली होती तिच्या मालकानं ऐनवेळी अंग काढून घेतलं. त्याच रविवारी साहेब सकाळच्या गाडीनं मुंबईला गेले. त्यांना पुणे स्टेशनवर सोडून धोंडीबा परत निघाला तो थेट खडकीला. अठरा फरश्या, एकेक दोन माणसांनी उचलायची. काही डिकीत, काही मागची सीट काढून तिथं. गाडीची शेपूट टेकायला आली होती. दिघीवरून, आडरस्त्यानं तो निघाला आणि चऱ्होलीच्या अलीकडच्या ओढ्यातून वर चढताना मागून खट्कन आवाज आला. दगड लागला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. उतरून बघितलं नाही. साहेबांची गाडी फरशीनं भरून ओढ्यात उभी करायची त्याला लाज वाटली.

त्या संध्याकाळी चतुराबाईला त्यानं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला.

"मोशीच्या एखाद्या गॅरेजात बोल्ट घाला की गुपचूप. कुणाला कळतंय?"

"आन मग? गाडी सरळ चालंल. दिवाळीला जयसिंग बसंल आन गाडी सरळ चालंल. म्हंजी काय झालं?"

चतुराबाईला कळलं. मग सगळ्या चिंचवडला पुराव्यानिशी पटणार होतं की खोट धोंडीबाच्या हातातच होती.

"मग काईच नका करू. गेट काय वाईट हाय?"

"तुटल्या बोल्टावर घाट चढायचा? बाळ हाय त्येंचं गाडीत."

तिनं भाकरी उलटली.

नवमीच्या सकाळी साहेब पूजेला आले. गाडीला माळ घालायच्या आधी धोंडीबा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, दोन मिन्टं आवारात या. एक दावायचं हाय."

त्यानं साहेबांच्या देखत गाडी न तुडवलेल्या वाळूवरून सरळ नेली आणि थांबवली. साहेब चाकोऱ्यांशी वाकले. वाळू वाचणं हा त्यांचा धंदा होता. साच्यात केसाएवढी चूक असली तरी त्यांना दिसायची. ते वाकले ते वाकलेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "उद्धवरावांकडे चल. आत्ता."

उद्धवरावांच्या गॅरेजात त्या दिवशी पाने-हातोड्या पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलेलं होतं. नवमीला हत्यार उचलायचं नाही, हा त्यांचा नेम. "साहेब, परवा करतो," ते म्हणाले. साहेब म्हणाले, "हत्यार उचलू नका. खाली उतरून नुसतं बघा." तेव्हा ते पूजेचं धोतर सावरत, बॅटरी घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरले.

वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मग धोंडीबाकडे न बघता म्हणाले, "सेंटर बोल्ट गेलाय. माझी दोरी पुढंच होती, साहेब. मागं कोण बघतं?" पण लगेच त्यांच्यातला मिस्त्री जागा झाला. "हा बोल्ट असा मरत नाही. चार माणसं बसून तर नाहीच. काय भरलं होतं गाडीत?"

साहेब म्हणाले, "अहो, रस्ते काय कमी खराब आहेत? पाऊस बघा केवढा झाला. गेला असेल कुठंतरी खड्ड्यात."

म्हणजे साहेबांनी स्वतःच वाट काढून दिली होती. धोंडीबानं फक्त मान हलवायची होती. हात निर्दोष, गाडी परत, गेट रद्द. उद्धवरावही आता विषय मिटला तर बरं अशा बेतानं हात पुसत होते. मग ते सहज म्हणाले, "तेही खरंच. ड्रायव्हरला तरी काय कळणार, कधी तुटला ते."

हे धोंडीबाला लागलं. गाडी खाली मोडते आणि वर बसलेल्याला कळत नाही, असा ड्रायव्हर तो नव्हता. तसा असता तर गेटवरच बरा होता.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "चऱ्होलीच्या अलीकडच्या वढ्यात तुटला. चढाला, दुसऱ्या गेरात. तुमी म्हमईला गेला हुता साहेब, त्या ऐतवारी. मी फरशी भरली हुती गाडीत. अठरा."

उद्धवराव पूजेच्या पाटाकडे बघत राहिले.

"कसली फरशी?" साहेबांनी विचारलं.

"विहाराची. आमच्या वस्तीतल्या."

साहेबांचा चेहरा रागाचा नव्हता. तो दुखावल्यासारखा झाला, आणि ते धोंडीबाला जास्त जड गेलं. "अरे, मग विचारायचंस! मी नाही म्हटलं असतं का?"

"एकदा इचारलं हुतं साहेब. चार वर्सामागं. जयंतीच्या मिरवणुकीला टेंपो मागितला हुता. बघू म्हनला तुमी."

"मग?"

"मग बघितलंच न्हाई."

साहेबांनी आठवून बघितलं. त्यांना खरंच आठवलं नाही. धोंडीबाला मात्र हेही आठवत होतं की त्याच वर्षी गणपती आणायला तोच टेंपो दोन दिवस दारात उभा होता. पण ते तो बोलला नाही. गाडी न विचारता नेली, ही चूक त्याची होती, आणि तिला दुसऱ्या चुकीचा टेकू त्याला द्यायचा नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी नवा बोल्ट घातला. आस जागेवर बसवला, मागच्या चाकांनाही दोरी लावली, आणि धोंडीबाला बाजूला घेऊन म्हणाले, "माझं चुकलं, धोंडीबा." त्यांना हे म्हणायला किती जड गेलं ते दिसत होतं. धोंडीबानं त्यांचा चहा घेतला.

साहेब मागं बसले. पेपर घडी करून बाजूला ठेवलेला होता. धोंडीबानं मुद्दाम लांबचा रस्ता धरला, निगडीपर्यंत जाऊन वळवून आणली. गाडी सरळ चालत होती. तो एक हात काढून घेऊन दोन बोटांवर आला, मग एका बोटावर. गाडी हलली नाही. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचा खांदा सैल झाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब आता काहीतरी बोलतील, असं त्याला वाटत होतं. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

कारखान्याच्या दारात गाडी थांबली. साहेब उतरले, दोन पावलं गेले आणि परत फिरले.

"गाडी तुझ्याकडेच राहील. जयसिंगला मी सांगितलंय." मग त्यांनी हात पुढे केला. "चावी दे."

धोंडीबाला आधी कळलंच नाही. चौदा वर्षं चावी त्याच्या खिशात राहायची. रात्री चाळीत, सकाळी गाडीत. साहेबांनी ती कधी हातात धरली नव्हती.

"आता संध्याकाळी चावी ऑफिसात ठेवायची. सकाळी सही करून घ्यायची," साहेब म्हणाले. नजर त्यांनी बॉनेटवर ठेवली होती. "सगळ्यांनाच नियम केलाय."

सगळे म्हणजे कोण? टेंपोची चावी आधीपासूनच ऑफिसात असायची, बाहेर राहायची ती ह्या एकाच गाडीची. धोंडीबानं चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. ठेवताना हात जराही हलला नाही, आणि ते साहेबांनीही बघितलं.

"साहेब, येक लिवून ठिवा," तो म्हणाला. "नव्या बोल्टाचे पाटे पाचशे किलोमीटर झाल्यावर परत आवळून घ्यायचे असत्यात. न्हाई आवळले तर आस पुन्यांदा सरकंल. तुमी पाडव्याला खंडाळ्याला जायच्या आदी."

"तू आहेस ना लक्षात ठेवायला?"

"लिवून ठिवा, साहेब," धोंडीबा म्हणाला. "वहीत असल्यालं बरं आता."

साहेबांनी खिशातून पेन काढलं.